जर्मनांनी पकडलेली अमेरिकन विमानं खरंच आपल्या बाजूला घुसवली होती का? (आजोबांच्या एका गोष्टीवरून)

रंकाळाकाठ

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज विचारतोच. गेल्या रविवारी बिंदू चौकाकडनं घरी येताना जुन्या पुस्तकांच्या ढिगात एक इंग्रजी मासिक मिळालं, मुखपृष्ठ फाटलेलं, निम्मी पानं गायब, पण मधल्या पानावर एक फोटो होता तो बघून मी तिथंच थांबलो. चार इंजिनांचं अमेरिकन बी-१७ बॉम्बर, आणि त्याच्या अंगावर जर्मनांचा काळा क्रॉस, शेपटीवर स्वस्तिक. खाली एवढंच लिहिलेलं की जर्मन एअरफोर्सचं केजी २०० नावाचं गुप्त युनिट अशी पकडलेली विमानं वापरायचं. पुढचं पान नाही.

आता हे माझ्या जिव्हाळ्याचं का, ते सांगतो. आमचे आजोबा पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत, पहिल्या पलटणीत होते. गाव कागल तालुक्यात. युद्धात इटलीत लढले. मी सातवीत असताना गेले. रात्री जेवणं झाली की सोप्यात बसून पानाची चंची उघडायचे आणि सुपारी कातरत कातरत बोलायचे. एक गोष्ट त्यांनी निदान दहा वेळा सांगितली असेल. "शेनूच्या काठाला" होते म्हणायचे, दोन्ही बाजूंनी घरापेक्षा उंच बांध, अलीकडच्या बांधाला आपण आणि पलीकडच्या बांधात जर्मन. दुपारी मोठी मोठी विमानं आली, आपलीच, पांढऱ्या चांदणीची, आणि त्यातल्या काहींनी बॉम्ब टाकले ते शेजारच्या पोलंडच्या पलटणीवर. संध्याकाळी मग आगीच्या पिचकाऱ्या सोडल्या आणि अख्खा बांध पेटला. आणि शेवटी आवाज खाली आणून म्हणायचे, ती विमानं आपली नव्हती बाळ, जर्मनानं धरलेली होती, तसं पलटणीत सगळे बोलत होते.

शेनू हे गाव का नदी हे घरात कुणालाच माहीत नाही, नकाशावर मला सापडलं नाही. तर प्रश्न असा की जर्मनांनी अशी पकडलेली विमानं अमेरिकन खुणा ठेवून आपल्या विमानांत घुसवली होती का? आजोबा खोटं बोलणारे नव्हते म्हणून विचारतोय.

विमानवेडा_शाहूपुरी

दादा, फोटो खरा आहे. विषय माझ्या आवडीचा, त्यामुळं जरा लांब लिहितो.

केजी २०० म्हणजे काम्फगेश्वाडर २००, जर्मन एअरफोर्सचं खास कामांचं युनिट, फेब्रुवारी १९४४ ला उभं राहिलं. पण मूळ त्याच्याही आधीचं आहे, थिओडोर रोवेल नावाच्या अधिकाऱ्यानं उंचावरनं चोरून फोटो काढायचं युनिट चालवलेलं, त्याच्या पोटातनं हे पुढं आलं. पहिला कमांडर हाइन्झ हाइगल, नंतर नोव्हेंबर १९४४ पासून वेर्नर बाउमबाख, तो जहाजं बुडवण्यात नाव काढलेला बॉम्बर पायलट. मुख्यालय बर्लिनजवळ गाटोवला, आणि तिथनं वेगवेगळ्या दिशांना छोट्या तुकड्या पसरलेल्या, त्यांना बायकांची नावं दिलेली, पश्चिमेकडची ओल्गा, उत्तर इटलीतनं भूमध्य समुद्राकडं जाणारी कार्मेन अशी.

यांचं रोजचं काम काय, तर रात्री शत्रूच्या मुलखात हेर सोडणं. बॉम्ब टाकणं नाही. पॅराशूटनं माणसं उतरवायची, वायरलेस सेट टाकायचे, पैसे टाकायचे, आणि पहाटेच्या आत परत यायचं. तीन माणसं आडवी झोपवून एकाच पेटीत घालून ती पेटी पॅराशूटनं टाकायची सोय पण केलेली होती. विचार करा, अंधारात त्या पेटीत पडून आहे, कधी सुटणार माहीत नाही, खाली काय आहे माहीत नाही.

आता पकडलेलीच विमानं का, तर बी-१७ एकदा तेल भरून बॉम्ब घेऊन साधारण ३,२०० किलोमीटर जायचं, दहा हजार मीटरच्या वर चढायचं, आणि मार खाऊनसुद्धा परत यायचं. जर्मनांकडं लांब पल्ल्याचं असं भरवशाचं विमानच नव्हतं. त्यांचं चार इंजिनांचं कॉन्डॉर मुळात प्रवासी विमान, उतरताना पाठ मोडायची. हाइन्केल १७७ ची इंजिनं जोडीजोडीनं एकत्र बसवलेली, ती हवेत पेट घ्यायची. युंकर्स २९० चांगलं होतं पण फारच थोडी बनली. मग शेतात उतरलेलं शत्रूचं चांगलं विमान मिळालं की सोनंच. पहिलं चालू स्थितीतलं बी-१७ मिळालं ते १२ डिसेंबर १९४२ ला, 'वुल्फ हाउंड' नावाचं, जर्मन फायटरनी गाठलं आणि फ्रान्समध्ये मेलुनजवळ शेतात उतरलं. ते दुरुस्त करून आधी जर्मन फायटर पायलटना दाखवत फिरवलं, की बाबांनो हे असं असतं, बंदुका इथं इथं आहेत, कुठनं आलात तर मरत नाही, आणि मग ते गुप्त कामाला लावलं. कागदोपत्री बी-१७ ला डोर्निअर २०० असं खोटं नाव होतं, म्हणजे कागद कुणाच्या हाती पडला तरी वाटावं जर्मनच विमान आहे. उडती केलेली बी-१७ सगळी मिळून डझनभर धरा. त्याशिवाय बी-२४ ही दुसरी अमेरिकन बॉम्बर होती, फ्रेंच आमियो होतं, इटालियन, रशियन, जे मिळेल ते.

आता तुमचा मुख्य प्रश्न. अमेरिकन खुणा ठेवून बॉम्बरच्या थव्यात घुसायचं, ह्या गोष्टी युद्धातल्या गनरनी, म्हणजे बॉम्बरमधल्या मशीनगनवाल्यांनी, लई सांगितल्यात, पण पुराव्यात बसत नाहीत. केजी २०० च्या ह्या विमानांचे जे फोटो आहेत त्यात जर्मन क्रॉसच आहेत. रात्री त्या क्रॉसचा तसाही उपयोग नाही, आकार दिसतो तेवढाच, आणि खालच्या माणसाला चार इंजिनांचा ओळखीचा आकार दिसला की तो गोळी झाडायला थांबतो, तेवढा फायदा जर्मनांना पुरेसा होता. दिवसा थव्यात शिरणं वेगळं. प्रत्येक ग्रुपच्या शेपटीवर अक्षर-चिन्ह ठरलेलं, ओळख पटवायला हवेत सोडायच्या त्या दिवसाच्या रंगीत उजेडाच्या गोळ्या ठरलेल्या, वायरलेसचे शब्द ठरलेले. मग अफवा का उठली? कारण खरोखरची अमेरिकन विमानं मार खाऊन स्वतःच्या थव्यातनं मागं पडायची आणि दुसऱ्याच थव्याला चिकटायची. अनोळखी शेपटी, वायरलेस बंद पडलेला, उत्तर देत नाही. आतल्या पोरांना आधीच सांगितलेलं असायचं की जर्मनांकडं आपली विमानं आहेत. मग संशय येणारच की हो.

उद्यमनगर_लेथ

शाहूपुरीवाल्या भावानं उड्डाणाचं सांगितलं, मी जरा खालचं सांगतो कारण आमचं अख्खं आयुष्य उद्यमनगरात ग्रीसमध्ये गेलंय.

दुसऱ्याच्या देशाचं मशीन चालवणं म्हणजे काय असतं ते वर्कशॉपवाल्याला विचारा. अमेरिकन विमान सगळं इंचात, जर्मन सगळं मिलिमीटरमध्ये. अर्धा इंचाच्या नटाला १३ चा पाना लागतो असं वाटतं, कारण अर्धा इंच म्हणजे १२.७, पण तो तीन दशांशाचा ढिलेपणा असतो ना, जोर लावला की नटाचे कोपरे गोल होतात आणि मग तो नट छिन्नीनंच काढायचा. माझ्या वडलांकडं ब्रिटिश काळातलं एक लेथ होतं, त्याचे आटे व्हिटवर्थचे म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाचे, त्याला एक बोल्ट बाजारात मिळायचा नाही, प्रत्येक वेळी स्वतः आटे पाडून करायचा. ते एक लेथ होतं. इथं चार इंजिनं, एकेका इंजिनाला नऊ सिलिंडर, एकेक इंजिन १,२०० हॉर्सपॉवरचं. सुटा भाग कुठनं आणणार तर दुसऱ्या पडलेल्या बी-१७ मधनं. म्हणून जर्मन लोक पडलेलं प्रत्येक विमान गोळा करायचे, एक उडतं ठेवायला तीन-चार भंगारात उघडी पडलेली लागतातच, त्याशिवाय होत नाही.

आणि एक गोष्ट मला फार आवडली ती सांगतो, बी-१७ ला राइट कंपनीचं सायक्लोन इंजिन. १९४० ला जर्मनांनी हॉलंड घेतलं तेव्हा डच कंपनीची डीसी-३ प्रवासी विमानं त्यांच्या हाती लागली, आणि ती लुफ्तहान्सा ही जर्मन विमान कंपनी वापरत होती. त्या डीसी-३ ला पण सायक्लोनच. म्हणजे ह्या घराण्याचं इंजिन खोलून परत बसवलेले मिस्त्री जर्मनीत आधीपासनं होते. इंजिनाला हात लागलेला माणूस मिळणं ही निम्मी लढाई असते बगा.

बाकी टर्बोचार्जर, म्हणजे उंचावर इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, त्यांना जड गेला असणार असं माझं मत. बी-१७ च्या प्रत्येक इंजिनाला एक्झॉस्टवर फिरणारा टर्बो आहे, तो लालबुंद होऊन फिरतो, त्याला निकेलचा चांगला धातू लागतो आणि निकेलचीच जर्मनांकडं मारामार होती. पेट्रोलचं पण तसंच, त्यांचं नेहमीचं विमानाचं पेट्रोल ८७ ऑक्टेनचं आणि अमेरिकन इंजिनाला १०० चं हवं, मग त्यातल्या त्यात वरच्या प्रतीचं राखून ठेवलेलं तेल घालायचं. आणि मीटर सगळे फुटात आणि मैलात. आयुष्यभर मीटरमध्ये उंची वाचलेला पायलट रात्री दोन वाजता डोंगरावरनं जाताना समोरचा काटा फुटात वाचतोय. ३,००० चा आकडा दिसला आणि मनात मीटर धरले तर खरी उंची ९०० मीटरच्या आसपास. मला हे वाचूनच पोटात गोळा येतो.

रंकाळाकाठ

दोघांनाही मनापासून धन्यवाद, एवढं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. पण शाहूपुरीवाले दादा, तुम्ही म्हणता तसं धरलं तर आजोबांनी डोळ्यानं बघितलेलं काय? त्यांनी ऐकलेलं नाही, बघितलंय. धूळ उठलेली, स्ट्रेचर पळवत नेलेले, हे सगळं ते हातवारे करून सांगायचे. रात्रीचं एकटं विमान नव्हतं ते, दिवसाढवळ्या होतं.

वळिवडे_स्टेशनरोड

मी वळिवड्याची. हा धागा वाचता वाचता अंगावर काटा आला म्हणून खास लॉगिन केलं. मुद्द्यावर यायच्या आधी एक सांगते, आमच्या गावात १९४३ ते १९४८ पोलिश लोकांची मोठी छावणी होती, पाचेक हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. रशियानं १९४० ला त्यांना पूर्व पोलंडमधनं उचलून सैबेरियाकडं नेलं, तिथनं सुटून इराणमार्गे ते हिंदुस्थानात आले. त्यातल्या कितीतरी घरांतले पुरुष जनरल आंडर्सच्या पोलिश सैन्यात गेले आणि ते सैन्य इटलीत लढलं. आमची आजी त्या छावणीत दूध घालायला जायची. पोस्टाच्या दिवशी बायका व्हरांड्यात कशा उभ्या असायच्या ते तिनं सांगितलेलं. त्यामुळं त्या सैन्याचं काय काय झालं ते मी थोडं वाचलंय.

तुमच्या आजोबांचं शेनू म्हणजे सेनिओ. नदी आहे, उत्तर इटलीत, दोन्ही बाजूंना पुरापासून राखायला बांधलेले उंच बांध. तारीख ९ एप्रिल १९४५. दुपारी ८०० च्या आसपास अमेरिकन जड बॉम्बर आले, जर्मन फळीवर छोटे छोटे बॉम्ब पसरायला. त्यातल्या काहींचा नेम चुकला आणि ते बॉम्ब हल्ल्यासाठी गोळा होऊन थांबलेल्या पोलिश सैनिकांवर पडले. कित्येक मेले, शंभरावर जखमी झाले. पोलिश सैन्य डाव्या अंगाला, मध्ये न्यूझीलंडवाले, आणि उजव्या अंगाला आपली आठवी इंडियन डिव्हिजन, तिच्यात पहिली मराठा. संध्याकाळी आग फेकणारे रणगाडे बांधावर चढवले आणि मग पायदळ पाण्यात उतरलं. तुमच्या आजोबांच्या आगीच्या पिचकाऱ्या ह्याच. त्याच दिवशी, त्याच नदीवर केलेल्या पराक्रमासाठी त्याच पलटणीच्या नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दोन जखमी साथीदारांना पाण्यातनं, बांधावरनं परत आणलं आणि मग एकट्यानं मशीनगनच्या चौक्या गप्प केल्या.

म्हणजे आजोबांनी बघितलं ते शंभर टक्के खरं. बॉम्ब पडले, पोलिश पोरं मेली. फक्त विमानं जर्मनांनी पकडलेली नव्हती, आपलीच होती. आणि पलटणीत ती अफवा का फिरली हे मला समजू शकतं. शेजारची माणसं आपल्याच बॉम्बनी मेली हे गिळण्यापेक्षा जर्मनानं फसवलं म्हणणं सोपं आहे, आणि त्याच संध्याकाळी त्याच विमानांच्या भरवशावर पाण्यात उतरायचं होतं.

पन्हाळ्याची_वाट

ताईंनी गाठ बरोबर सोडवली. मी इतिहास शिकवतो, कायद्याची बाजू थोडी सांगतो कारण वर्गात मुलं नेहमी विचारतात की सर हे चालतं का.

१९०७ च्या हेग नियमात, म्हणजे युद्धाच्या आंतरराष्ट्रीय नियमात, कलम २३ मध्ये लिहिलंय की शत्रूचा झेंडा, शत्रूच्या खुणा, शत्रूचा गणवेश यांचा गैरवापर करायचा नाही. पण गैरवापर म्हणजे नक्की काय यावर भांडण राहिलं. १९४७ मध्ये जर्मनीत डाखाऊला ओट्टो स्कोर्झेनी या जर्मन कमांडो अधिकाऱ्यावर खटला चालला, त्याची माणसं अमेरिकन कपडे घालून अमेरिकन फळीच्या मागं गेली होती, तो सुटला. युक्तिवाद असा टिकला की वेश घालून आत शिरणं वेगळं आणि त्या वेशात गोळी झाडणं वेगळं. पुढं जिनिव्हा करारांना जोडलेल्या १९७७ च्या करारात हल्ला करताना किंवा आपलं सैन्य झाकताना शत्रूच्या खुणा वापरायलाच बंदी आली. पकडलेलं विमान वापरणं मात्र कधीच गुन्हा नव्हता, ती युद्धातली लूट, फक्त स्वतःची खूण रंगवायची. म्हणून त्या बी-१७ वर काळा क्रॉस दिसतो.

मुलं लगेच शिवा काशिदांचं विचारतात, आमच्या पन्हाळ्याखालीच समाधी आहे. मी त्यांना सांगतो नीट बघा, १६६० च्या त्या जुलैच्या रात्री शिवा काशीद महाराजांच्या वेशात पालखीत बसले, सिद्दी जौहरच्या माणसाच्या वेशात नाही. स्वतःला पकडून द्यायला गेले. शत्रूला वाटावं हाच राजा, आणि खरा राजा विशाळगडाकडं निघावा. मरण समोर ठेवून घातलेला वेश तो. हेरगिरीच्या वेशाशी त्याची बरोबरी मी करू देत नाही.

विमानवेडा_शाहूपुरी

वळिवड्याच्या ताई, सेनिओचं माझ्या लक्षातच आलं नाही, मी विमानाकडंच बघत बसलो. सरांच्या मुद्द्याला जोडून अजून थोडं.

हे फक्त जर्मनांनीच केलं असं समजू नका. १९४० ला नॉर्वे पडलं तेव्हा नॉर्वेच्या पायलटनी काही हाइन्केल ११५ पाण्यावर उतरणारी विमानं ब्रिटनला पळवून नेली. जर्मन बनावटीचीच विमानं. ब्रिटिशांनी त्यातलं एक माल्टाला नेलं आणि उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर हेर सोडायला वापरलं. अमेरिकनांनी पण स्वतःची बी-२४ काळी रंगवून, पोटाखालची मशीनगन काढून तिथं भोक ठेवून फ्रान्समध्ये माणसं सोडली. काम तेच, फक्त त्यांच्याकडं स्वतःची विमानं भरपूर होती.

आणि ओळखीचा आकार दरवेळी वाचवायचा असंही नाही. मार्च १९४५ मध्ये केजी २०० चं एक बी-१७ फ्रान्सच्या बाजूला हेर सोडून परत येत होतं, त्याला दोस्त राष्ट्रांच्याच रात्रीच्या फायटरनं पाडलं. रडारवर बी-१७ आणि युंकर्स दोन्ही ठिपकेच.

मला स्वतःला त्या सोडलेल्या माणसांचं जास्त वाटतं. सप्टेंबर १९४४ मध्ये स्टॅलिनला मारायला म्हणून ताव्रिन नावाचा माणूस आणि त्याची बायको अशी दोघं स्मोलेन्स्क भागात उतरवली. विमान जर्मनच होतं, अराडो २३२, पोटाखाली चाकांची रांग असलेलं, कुठल्याही माळावर उतरणारं. पण बाकी सगळं रशियन, साइडकारवाली रशियन मोटरसायकल, मेजरची कागदपत्रं, खोटी पदकं. विमानाला तोफेचा मार बसला, उतरताना झाडांना घासलं, दोघं मोटरसायकलवरनं निघाली आणि काही तासांत नाक्यावर पकडली गेली. नंतर रशियनांनी त्यांच्याच वायरलेसवरनं जर्मनांना बरीच वर्षं... म्हणजे युद्ध संपेपर्यंत खोटे निरोप पाठवले. दोघांनाही १९५२ ला मारलं.

केजी २०० चा कमांडर बाउमबाख युद्धानंतर अर्जेंटिनाला गेला आणि १९५३ मध्ये लँकॅस्टर विमानाची चाचणी घेताना नदीत पडून मेला. लँकॅस्टर म्हणजे ब्रिटिशांचं बॉम्बर.

उद्यमनगर_लेथ

रंकाळाकाठ भावा, आजोबांचं डिस्चार्ज बुक घरात असेल तर शोधा. आमच्या चुलत्यांचं होतं, लाल-तपकिरी पुठ्ठ्याचं, पत्र्याच्या ट्रंकेत सगळ्यात खाली. कुठं कुठं गेले ते त्यात लिहिलेलं असतं.

रंकाळाकाठ

ट्रंक गावाकडं थोरल्या काकांकडं आहे. आत्ताच फोन केला. काकांना सेनिओ म्हणून सांगितलं तर ते दोन मिनिटं गप्पच बसले, मग म्हणाले, अण्णा शेनू शेनू म्हणायचे आणि आम्ही पोरं हसायचो, शेण म्हणून. काकू म्हणाल्या ट्रंकेत कागद आहेत पण कसर लागलीय, हळू उघडायला लागेल.

शनिवारी कागलला जातोय. ताई, तुमची आजी अजून असतील आणि चालणार असेल तर येताना वळिवड्याला येऊन जाईन म्हणतो, पोलंडवाल्यांचं त्यांच्या तोंडून ऐकायचंय. डिस्चार्ज बुक सापडलं तर बरोबर आणतो.

वळिवडे_स्टेशनरोड

आजी आहे, ९४ वर्षांची. कान जरा कमी झालेत, मोठ्यानं बोलावं लागेल. दुपारी चारनंतर या, तोवर ती झोपलेली असते.